आयर्लंडच्या कॉर्क-लिमरिक शहरांतले जुने चांदीचे चमचे: ठसा कसा वाचायचा, चमचा कसा निवडायचा

माझ्यासमोर टेबलावर एक चमचा आहे. बावीस सेंटिमीटर लांब, ६४ ग्रॅम वजनाचा, निमुळत्या टोकदार शेंड्याचा. दांड्याच्या पाठीवर दोनच ठसे आहेत. एका आयतात ‘सी टी’ ही रोमन आद्याक्षरं, दुसऱ्यात ‘स्टर्लिंग’ हा शब्द. इंग्लंडच्या शुद्धतेचा सिंह नाही, राजाचं डोकं नाही, घडणीचं वर्ष सांगणारं अक्षर नाही. लंडनच्या चांदीची सवय असलेल्या माणसाला यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटेल. पण कॉर्कचा अठराव्या शतकातला चमचा असाच असतो. सी टी म्हणजे कार्डन टेरी, त्या काळातला कॉर्कचा नावाजलेला कारागीर. हा चमचा मला मिळाला तेव्हा कॉर्कला राहायला येऊन मला चार वर्षं झाली होती आणि त्याआधीच्या दोन खरेद्या चुकल्या होत्या. त्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी डब्लिन समजून घ्या

आयर्लंडची जुनी चांदी म्हटली की नव्वद टक्के लोक डब्लिनचीच चांदी बघत असतात. डब्लिनच्या सोनारांच्या कंपनीला १६३७ मध्ये चार्ल्स पहिल्याकडून सनद मिळाली आणि अख्ख्या देशातल्या चांदीची परीक्षा करायचा अधिकार तिच्याकडे आला. शुद्धतेची खूण ठरली मुकुट असलेला हार्प, म्हणजे आयर्लंडचं तंतुवाद्य. तो दिसला की चांदी स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध. १६३८ पासून वर्षाचं अक्षर आलं. १७३० मध्ये औंसामागे सहा पेन्स कर बसला आणि कर भरल्याची खूण म्हणून हायबर्निया आली: बसलेली स्त्री, शेजारी हार्प. १८०७ पासून राजाचं किंवा राणीचं डोकं आलं, ते १८९० पर्यंत टिकलं.

सुरुवात करताना एक साधा डब्लिनचा फिडल घाटाचा, म्हणजे दांड्याला खांदे असलेला, चहाचा चमचा घ्या. १८२० ते १८४० च्या दरम्यानचे असे चमचे भरपूर मिळतात आणि परवडतात. त्यावर हार्प, हायबर्निया, डोकं, वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं असं सगळं असतं. महिनाभर तो जवळ ठेवा. दहापट मोठं दाखवणारी लूप, म्हणजे सोनारांच्या डोळ्याला असते ती काच, घेऊन ठसे रोज बघा. हायबर्निया आणि इंग्लंडची ब्रिटानिया यांत फार जण फसतात. दोघीही बसलेल्याच असतात, पण ब्रिटानियाच्या शेजारी ढाल असते आणि हायबर्नियाच्या शेजारी हार्प. झिजलेल्या ठशात हा फरक ओळखू यायला नजर बसावी लागते, आणि नजर स्वस्त चमच्यावर बसलेली बरी.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. डब्लिनच्या अठराव्या शतकातल्या चमच्यांवर वर्षाचं अक्षर बऱ्याचदा नसतंच. नुसतं अक्षर नाही म्हणून चांगला चमचा परत ठेवू नका.

मग कॉर्क आणि लिमरिक वेगळे का?

कॉर्कहून डब्लिन अडीचशे किलोमीटर. अठराव्या शतकात म्हणजे कित्येक दिवसांचा प्रवास, खराब रस्ते, वाटमारी, आणि घडवलेला माल पोचेपर्यंत चेपायची भीती. कायदा सांगत होता की माल डब्लिनला पाठवा. कॉर्कचे सोनार स्वतःच्या गावात परीक्षा-कचेरी मागत राहिले आणि ती त्यांना कधीच मिळाली नाही. मग त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर आपली आद्याक्षरं आणि स्टर्लिंग हा शब्द ठोकायला सुरुवात केली.

सतराव्या शतकात कॉर्कचे ठसे शहराच्या चिन्हातले होते: जहाज आणि किल्ला. लिमरिकचे किल्ल्याचं दार आणि तारा. गॉलवे या आयरिश शहराचा नांगर. यॉलचं छोटं शिडाचं होडकं. हे ठसे असलेली भांडी, त्यातही चमचे, आज संग्रहालयाबाहेर जवळजवळ दिसत नाहीत. गॉलवेचं जे काही उरलंय त्यातलं बरंचसं चर्चच्या पूजेच्या भांड्यांचं आहे. तेव्हा कुणी घरच्या खोक्यातून काढून ‘नांगराचा ठसा आहे, गॉलवे आहे’ असं सांगत चमचा पुढे केला, तर आधी बर्मिंगहॅम आठवा. बर्मिंगहॅमच्या परीक्षा-कचेरीचा ठसाही नांगरच आहे आणि तो लाखो वस्तूंवर आहे.

१७१० च्या सुमाराला शहराची चित्रं मागे पडली आणि स्टर्लिंग हा शब्द आला. तुम्ही-आम्ही जमवू शकू असे चमचे या काळातले: साधारण १७३० ते १८२०. त्यातलं कॉर्क जास्त मिळतं, लिमरिक कमी, बाकी गावं क्वचित. किमतीही त्याच क्रमाने चढतात. सारख्या घाटाचा, सारख्या वजनाचा डब्लिनचा चमचा सगळ्यात स्वस्त पडतो.

ठसा वाचणं

मला सगळ्यात जास्त आनंद या कामात मिळतो, म्हणून इथे जरा रेंगाळते.

चमचा खिडकीपाशी न्या. दिव्याखाली नको, दिवसाचा तिरपा उजेड हवा. चमचा हळूहळू फिरवत राहा. ठशाच्या कडेवर सावली पडते त्या क्षणी अक्षर उठून दिसतं. झिजलेला ठसा सरळ उजेडात सपाट दिसतो आणि तिरप्या उजेडात वाचता येतो. मोबाइलने फोटो काढायचा तर तोही असाच, चारी बाजूंनी उजेड घेऊन चार फोटो.

आता शब्द बघा. ठसे बनवणारा प्रत्येक जण स्पेलिंग आपल्या मर्जीने करायचा. स्टर्लिंग, स्टर्लिन, स्टारलिंग, नुसतं स्टर, अशी सगळी रूपं खरी आहेत. लिमरिकला ‘स्टर’ बरेचदा दिसतं. स्पेलिंग चुकलंय म्हणून नकली समजू नका. कधी स्टर्लिंग शब्दच नसतो आणि कारागिराचा ठसा दोनदा ठोकलेला असतो, तेही चालतं.

आद्याक्षरं वाचताना लक्षात ठेवा की त्या काळी रोमन ‘जे’ च्या जागी ‘आय’ कोरत. म्हणून ‘आय डब्ल्यू’ म्हणजे जॉन किंवा जेन विल्यम्स असू शकतं. जेन विल्यम्स या नावापाशी मी दरवेळी थांबते. ती कार्डन टेरीची मुलगी. नवरा जॉन विल्यम्स गेल्यावर ती वडिलांच्या बरोबरीने भागीदार झाली, आणि १८०७ ते १८२१ या काळात बापलेकीच्या दुकानातून भरपूर चांदी बाहेर पडली. ‘सी टी’ आणि ‘आय डब्ल्यू’ एकाच ठशात एकत्र दिसली तर हा काळ मनात आणा. कॉर्कचे इतर कारागीर शोधायचे तर जॉन निकल्सन, जॉर्ज हॉडर ही नावं. लिमरिकचे जोसेफ जॉन्स, कॉलिन्स ब्रीहन, पॅट्रिक कॉनेल, मॉरिस फिट्झजेराल्ड.

पण नुसती आद्याक्षरं जुळली म्हणून कारागीर सापडला असं होत नाही. त्याच अक्षरांचे चार सोनार डब्लिनमध्ये असतात, दोन न्यूयॉर्कमध्ये. अक्षरांचा घाट, मध्ये टिंब आहे की नाही, चौकटीची कड सरळ आहे की दातेरी, हे सगळं संग्रहालयातल्या खात्रीच्या नमुन्याशी ताडून बघा.

स्टर्लिंग या शब्दानेच माझा पहिला घात केला. मी हौसेने ‘कॉर्कचा’ म्हणून घेतलेला चमचा अमेरिकन निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या कारखान्यांनी हाच शब्द सर्रास वापरला. त्यांची अक्षरं बारीक, एकसारखी, यंत्राने थेट धातूत दाबलेली असतात आणि शेजारी कंपनीचं चिन्ह असतं. कॉर्कचा शब्द बहुधा खोलगट चौकटीत उठावदार अक्षरांत असतो, हाताने ठोकलेला, थोडा तिरका, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

उलट बाजूची एक गोष्ट: एकोणिसाव्या शतकात कॉर्क-लिमरिकचे सोनार हळूहळू डब्लिनला माल पाठवू लागले. त्यामुळे डब्लिनचे पूर्ण ठसे आणि शेजारी कॉर्कच्या कारागिराची किंवा दुकानाची खूण असे चमचे मिळतात. विकणाऱ्याला ते नुसते डब्लिनचे वाटतात. तिथे स्वस्तात चांगली वस्तू हाती लागते.

जहाज आणि किल्ले १९२२ मध्ये एकदा परत आले. आयर्लंडच्या यादवी युद्धात कॉर्कचा डब्लिनशी संपर्क तुटला, माल परीक्षेला पाठवता येईना, तेव्हा कॉर्कच्या विल्यम ईगन अँड सन्स या पेढीने शहराच्या चिन्हाचा ठसा करून थोड्या वस्तूंवर ठोकला. याला रिपब्लिकन चांदी म्हणतात. फार थोड्या वस्तू आहेत आणि फार महाग आहेत. पहिल्या दहा वर्षांत त्यांच्या मागे लागू नका.

घडणीवरून काळ ठरवा

वर्षाचं अक्षर नाही, म्हणून काळ ठरवायला चमच्याची घडण हाच आधार. क्रम साधारण असा आहे.

आधीचा हॅनोव्हेरियन घाट: दांड्याचं टोक गोल आणि वरच्या बाजूला, म्हणजे वाटीच्या तोंडाच्या दिशेला वळलेलं. तेव्हा चमचे टेबलावर पालथे मांडत, म्हणून घराण्याचं चिन्ह पाठीवर कोरलेलं असतं. १७६० नंतर ओल्ड इंग्लिश आला: टोक खाली वळलेलं, चमचा उताणा मांडायचा, चिन्ह समोर. आयर्लंडने या घाटाला आपलं रूप दिलं ते टोक निमुळतं करून. माझा सी टी हा त्यातलाच. या टोकदार दांड्यावर ब्राइट-कट, म्हणजे तिरप्या चकचकीत कापांचं कोरीव काम असतं, आणि लिमरिकच्या चमच्यांवर शेंड्याखाली तीन पिसांचा तुरा बरेचदा सापडतो. १८०० नंतर फिडल घाट येतो, खांदे असलेला. आयरिश फिडलवर वाटीच्या पाठीशी दांड्यापासून उतरत गेलेली एक लांब उठावदार रेघ असते, तिला उंदराची शेपटी म्हणतात. इंग्लंडमध्ये ती शंभर वर्षांपूर्वीच मागे पडली होती, इकडे पुन्हा आवडीने आली.

ठसे कुठे आहेत तेही बघा. सुमारे १७८० पर्यंत ते दांड्याच्या अरुंद भागात, वाटीजवळ असत. ठोकल्यावर दांडा पसरायचा, तो पुन्हा हातोडीने नीट करताना ठसे दबायचे. म्हणून जुन्या चमच्याचे ठसे अस्पष्ट असणं साहजिक आहे. पुढे ठसे वर, शेंड्याकडे सरकले. हॅनोव्हेरियन चमचा आणि ठसे वर शेंड्याजवळ, असं दिसलं तर विकणाऱ्याला प्रश्न विचारा.

चमच्यांपलीकडेही खूप काही आहे. शेवटाला आकड्यासारखी वळलेली दांडी असलेले सूपचे डाव, साय वाढायच्या पळ्या, साखरेचे चिमटे, हाडातला मगज काढायचे अरुंद चमचे, आणि तीस सेंटिमीटरहून लांब असे वाढायचे मोठे चमचे. त्यांतल्या काहींच्या वाटीत मधोमध जाळी असते, रस्सा गाळून घ्यायला. काटे मात्र चमच्यांच्या मानाने फार कमी उरलेत. अठराव्या शतकातले बहुतेक तीन दाती असतात. चार सारखे कॉर्कचे काटे दिसले तर जेवण सोडून घ्या.

हाताने तपासणी

ठसा आणि घडण पटली, आता चमचा हातात घ्या. यात घाई केली की पैसे गेले.

वाटीचं टोक बघा. उजव्या हाताने खाणाऱ्याचा चमचा ताटाला घासतो तो वाटीच्या डाव्या बाजूला, म्हणून दांडा आपल्याकडे धरला की डावीकडचा काठ जास्त झिजलेला असायला हवा. दोनशे वर्षं वापरलेल्या चमच्याचा काठ दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखा असेल, तर कुणीतरी तो कापून गोल केलाय. असा चमचा आखूड असतो आणि वाटी अंड्यासारखी न दिसता वर्तुळाकडे झुकते.

वाटीच्या टोकाला अंगठ्याने अगदी हलका दाब द्या. पत्र्यासारखं हलत असेल तर चांदी संपत आली आहे. दांड्यावर जिथे घराण्याचं चिन्ह असायला हवं तिथे बोट फिरवा. खोलगट लागलं तर जुनं चिन्ह घासून काढलंय. मग तोंडाजवळ धरून त्यावर हळू श्वास सोडा. वाफ बसते त्या क्षणभरात पुसलेल्या कोरीव रेषा आणि डाख दिलेले जोड दिसतात. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एका ‘अखंड’ डावाच्या दांडीत, वाटीपासून दोन बोटांवर, आडवी रेघ उमटली. तुटलेला डाव डाखलेला होता. जोड वर्ज्य नाही, पण तो सांगितलेला असावा आणि किंमत त्याप्रमाणे असावी. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. ही माझी दुसरी चूक: श्वास सोडून पाहिलं ते घरी आणल्यावर.

ब्राइट-कटवर नखाची कड आडवी फिरवा. काप ताजे असतील तर नख अडकतं. हे काम पहिल्यांदा झिजतं, त्यामुळे धारदार ब्राइट-कट असलेला चमचा त्याच कारागिराच्या गुळगुळीत चमच्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

संच घेताना सगळे चमचे शेजारी मांडा. हाताने ठोकलेले ठसे दोन चमच्यांवर तंतोतंत एकाच जागी, एकाच कोनात येत नाहीत. सहाही चमच्यांवर ठसा त्याच जागी, तेवढाच तिरका आणि त्याच अक्षरात झिजलेला दिसला, तर एका खऱ्या चमच्यावरून साचा काढून ओतलेले आहेत. ओतीव वस्तूच्या ठशाच्या कडा मऊ आणि दाणेदार दिसतात.

फळांची नक्षी उठवलेले, सोन्याचा मुलामा दिलेल्या वाटीचे चमचे म्हणजे साध्या जॉर्जियन, म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, चमच्यावर नंतर केलेली सजावट. दिसतात सुरेख. कॉर्कच्या कारागिराचं मूळ काम मात्र त्यात गेलेलं असतं. मी ते घेत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. चमचा मुंबई-पुण्याला नेलात आणि सराफाकडे दाखवलात तर कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका, तासून कस काढू देऊ नका. ज्याच्याकडे एक्स-रेचं यंत्र आहे त्याच्याकडे जा, ओरखडाही न येता टक्केवारी कळते. आपल्या सराफाच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे, पण त्याला चांदी तोलायची सवय आहे आणि इथे मोल तुकड्याचं आहे, तोळ्याचं नाही.

कुठे बघायचं, कुठे घ्यायचं

घेण्याआधी बघा. कॉर्कच्या फिट्झजेराल्ड पार्कमधलं कॉर्क पब्लिक म्युझियम, डब्लिनच्या कॉलिन्स बॅरॅक्समधलं नॅशनल म्युझियम, लिमरिकचं हंट म्युझियम. लंडनला गेलात तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये रॉबर्ट गोबल या कॉर्कच्या सोनाराने १६९६ मध्ये घडवलेला राजदंड बघा. चमचा नाही तो, पण कॉर्कचा हात किती तयार होता ते कळतं.

खरेदीचे रस्ते तीन: जाणकार व्यापारी, लिलाव, आणि इंटरनेट. पहिले तीन-चार नग व्यापाऱ्याकडूनच घ्या. थोडे जास्त पैसे जातील, पण चमचा हातात घेऊन प्रश्न विचारता येतात आणि बिलावर गाव, कारागीर, अंदाजे काळ लिहून मिळतो. तेवढं लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका. लिलावात बोली लावताना वरचं कमिशन आणि त्यावरचा कर आधी हिशोबात धरा, नाहीतर ठरवलेल्या रकमेच्या चौथा हिस्सा वर जाल. इंटरनेटवर विचारायचे फोटो: ठशांचा जवळून, वाटीचं टोक समोरून, पूर्ण चमचा पाठीकडून, आणि वजनकाट्यावर ठेवलेला. मोठ्या चमच्याचं वजन पन्नास ग्रॅमच्या खाली असेल तर झीज किंवा कापाकापी धरून चाला.

भारतात आणण्याआधी सीमाशुल्काची चौकशी करा. आणि हेही ध्यानात असू द्या की शंभर वर्षांहून जुन्या वस्तू भारतातून बाहेर न्यायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत. ये-जा करणाऱ्यांनी संग्रह कुठे ठेवायचा ते आधीच ठरवावं आणि मूळ बिलं जपावीत.

वही आणि निगा

प्रत्येक नगाचं एक पान करा: लांबी, वजन, ठशांचं हाताने काढलेलं चित्र, कुठून घेतला, किती दिले, आणि शंका काय आहे. चित्र हाताने काढण्यासाठी आग्रह धरते, कारण काढताना जे दिसतं ते फोटोत सुटतं. माझ्या एका पानावर अजून ‘लिमरिक?’ असं प्रश्नचिन्ह आहे, ते चार वर्षं तसंच आहे.

निगेत आपल्या घरच्या सवयी मोडाव्या लागतात. रांगोळी, राख, दातांची पावडर, पितांबरी, यांतलं काहीही या चांदीला लावू नका. आपल्या देवाच्या ताम्हनाला ते चालून जातं, इथे दर घासण्यात ठशाचा एक पदर जातो. बुडवून चकचकीत करणारी रसायनंही नकोत, ती कोरीव कामाच्या खाचांतली काळी छटा काढून टाकतात आणि नक्षी आंधळी होते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडकं, लगेच कोरडं करणं, एवढं पुरतं. डिशवॉशर वर्ज्य. रबरबँड आणि वर्तमानपत्र यांत गुंडाळू नका, धुतलेलं मलमल घ्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

आणि वापरा. रोज वापरलेली चांदी कमी काळवंडते. अंडं आणि मीठ मात्र तिला सोसत नाही. माझा सी टी गुढीपाडव्याला श्रीखंड वाढायला निघतो. वाढून झालं की आधी तो धुते, मग जेवायला बसते.